आता बास करा

कन्नड मुलखातल्या एका मोठ्या शहरात, गविपुरमच्या उतारावर योगीराज लाडांचं घर आहे. बाहेरची पाटी दातांची, पण आतला निम्मा कारभार तारांचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि योगीराज कवळ्या बनवतात, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. उरलेला जीव त्यांनी जुन्या बेस गिटारींना देऊन टाकलाय. त्यामुळे घरात पाऊल टाकलं की डावीकडच्या फळीवर कवळ्या हसत असतात आणि उजवीकडच्या भिंतीवर गिटारी लटकत असतात. नवा माणूस दारातच थबकतो. एकदा कवळी न्यायला आलेल्या एका आजीबाईंनी भिंतीकडे बघून विचारलं, "भजनी मंडळ आहे होय तुमचं?"

योगीराज म्हणाले, "भजनच म्हणा की अक्का. देव कुठला ते तेवढं ठरायचंय."

बेस म्हणजे चार जाड तारांची, विजेवर वाजणारी गिटार. साधा गिटारवाला पुढं उभा राहून टाळ्या घेतो, बेसवाला मागं उभा राहतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण तो थांबला की जिन्यातली एक पायरी कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. आता गावाकडं 'बेस' म्हणजे छान, झकास. जेवण बेस झालं, पोरगी बेस आहे, असं आपण म्हणतोच. तेव्हा बेस गिटार म्हणजे छान गिटार, असा कुणाचा समज झाला तर त्याला हसू नये. योगीराजांचाही समज तोच आहे.

हा नाद लागला तो कवळीपायीच. योगीराज तेव्हा विशीतले. एका हॉटेलात गाणाऱ्या बँडचा म्होरक्या गाताना तान घ्यायला लागला की त्याची कवळी सुटायची. नवी कवळी घेऊन योगीराज गेले, तर कार्यक्रम सुरू झालेला. "गाणं संपेस्तोवर बस इथं," म्हणून कुणीतरी त्यांना मागं, बेसच्या मोठ्या स्पीकरशेजारी बसवलं. आवाज कानातून शिरलाच नाही, थेट पोटात शिरला. पोटात आधीच एक मसाला डोसा होता. त्या दोघांनी मिळून आतल्या आत ठरवलं, की हा माणूस आता आपला. कवळी चपखल बसल्यावर म्होरक्या इतका खूश झाला, की अडगळीतली मान मोडलेली एक बेस त्यानं योगीराजांच्या हातात ठेवली. म्हणाला, "ही घे. हिचेही दात पडलेत."

ती जुळवली, आणि मग थांबणं झालं नाही. दाताच्या बारीक कानशीनं तारांच्या खाचा कोरायच्या, हाडाचे तुकडे घासून बसवायचे. एका बेसच्या मानेवरच्या सगळ्या धातूच्या पट्ट्या काढून त्यांनी त्या फटींत कवळीचा मसाला भरला. ती वाजते गोड, पण मानेवर हिरड्यांच्या रंगाच्या गुलाबी रेघा दिसतात. पिकअप, म्हणजे तारेचा आवाज पकडणारं चुंबकाचं वेटोळं, जळालं की पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या नागराजकडे जायचं. नागराज पाण्याच्या पंपांच्या मोटारी गुंडाळून देतो. पहिल्यांदा त्यानं हाताच्या सवयीनं एवढी जाड तार भरली, की योगीराजांच्या बायको राजलक्ष्मी म्हणाल्या, "आता हिला विहिरीवर बसवा, म्हणजे गाणं पण येईल आणि पाणी पण."

अशा या घरात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मारतहळ्ळीहून क्षितिज आला. आयटीतला पोरगा, आईवडील मूळचे कराडकडचे. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की गविपुरमात एक दातवाले आहेत, मराठी बोलतात आणि गिटारी जिवंत करतात.

"काका, ही बाबांची," त्यानं पेटी उघडली. "अ‍ॅक्च्युअली आवाजच येत नाही. मानही वाकलीये."

योगीराजांनी आत बघितलं आणि चष्मा चढवून पुन्हा बघितलं. सत्तरच्या दशकातली जपानी बेस. मध्ये मधाळ पिवळी, कडेला काळी होत गेलेली. वरच्या अंगाला, जिथं वाजवणाऱ्याचा कोपरापुढचा हात टेकतो, तिथला रंग पार उडून लाकूड उघडं पडलेलं.

"कुणी आणली रे ही?"

"बाबांच्या कारखान्यातल्या मित्राचा भाऊ जहाजावर होता, त्यानं. कारखान्याच्या कॉलनीत गणपतीला बाबा वाजवायचे. मग रिटायर झाले, फ्लॅटमध्ये आलो, आणि ही माळ्यावर गेली. आता त्यांना सरप्राइज द्यायचंय."

"सरी, सरी, ठीकाय. स्वल्प दिवस लागतील."

क्षितिज हसला. "काका, तुम्ही स्वल्पविरामातलं स्वल्प बोलता का?"

"आमच्याकडे तसंच, अण्णा. आमचे खापरपणजोबा फौजेबरोबर इकडं आले ते आलेच. घरात मराठी, दारात कन्नड, उंबऱ्यावर दोन्ही सांडलेली." योगीराजांनी झिजल्या जागेवरून अंगठा फिरवला. "बॉडी नवरीसारखी नटवून देऊ काय?"

"आधी आवाज येऊ दे. मग बाकीचं मी मेसेजवर सांगतो."

तो मेसेज म्हणजेच या गोष्टीतली सगळी गोम. क्षितिजच्या पिढीची पोरं मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत, आणि क्षितिजचा हात असा सढळ, की जिथं एक अक्षर पुरतं तिथं तो दोन वाढतो. 'मस्त' लिहिताना शेवटी टी दोनदा, 'हो' लिहिताना ओ तीनदा.

पिकअप नागराजकडून आलं, या वेळी बारीक तारेचं. मान आतल्या लोखंडी दांड्याचा आटा फिरवून सरळ झाली. योगीराजांनी कळवलं: मान झाली, पुढं काय? क्षितिज कसल्याशा मीटिंगमध्ये होता. टेबलाखालून उत्तर आलं. मस्त काका, आता... आणि पुढं बी, ए, एस, एस. मग करा.

वाचणारा पुण्याचा असता, तर त्यानं तोंडात घोळवून बघितलं असतं आणि 'आता बास करा', म्हणजे पुरे, थांबा, असं वाचलं असतं. पण लाडांच्या घरात पुरे झालं की 'साकु' म्हणतात. बी-ए-एस-एस ही अक्षरं योगीराजांनी जन्मभर एकाच अर्थानं वाचलेली. मान झाली, आता बेस करा. म्हणजे बॉडी करा. बरोबरच आहे की!

पोराला अक्कल आली म्हणून ते खूश झाले. तारा उतरवल्या, मान सुटी केली, गरम हवेचं यंत्र लावलं. जुना रंग फुगून पापुद्र्यासारखा निघत गेला. मग पॉलिश पेपर. दुपारपर्यंत समोरची बाजू लख्ख झाली, खालचं लाकूड दुधाच्या सायीसारखं नितळ. त्यांनी शीळ घालत ते तळव्यानं पुसलं आणि आता पाठ घासायला ती उलटी करणार, तोच फोन वाजला.

"काका, शनिवारी बाबांना घेऊन येतोय! आणि थँक्यू हां. तुम्हाला वेळेत थांबवलं म्हणून बरं. तुम्ही नटवण्याचं बोलत होतात ना, मी घाबरलोच होतो."

"थांबवलं?" योगीराज म्हणाले.

"म्हटलं ना, आता बास करा म्हणून! ती झिजलेली जागा आहे ना, ती बाबांच्या हातानं झिजलीये. लहानपणी ते वाजवताना मी शेजारी बसून तिथं बोट ठेवायचो. बाकी काही राहो न राहो, ती जागा पाहिजे."

योगीराजांच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात पॉलिश पेपर. पायाशी मधाळ पिवळा भुगा.

"सरी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दिवशी जेवताना त्यांनी भातावरच्या सारूत, म्हणजे सारात, ताक ओतलं. राजलक्ष्मींनी ताट ओढून घेतलं आणि विचारलं, "कुणाचा दात उपटला आज?"

त्यांनी सगळं सांगितलं. राजलक्ष्मींनी मेसेज बघितला, आणि त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "त्या मुलाचं काय होणार हो?"

"होणार काही नाही. मी आहे की."

आता इथं त्यांच्यातला कवळीवाला जागा झाला. कवळी बनवणं म्हणजे पांढरेशुभ्र दात लावणं नव्हे. सत्तरीच्या माणसाला सत्तरीचे दात द्यावे लागतात. कुठं चहाचा डाग, कुठं पानाची लाली, एखादा कोपरा झिजलेला. ती कला योगीराजांच्या बोटांत होती. त्यांनी त्याच जातीच्या लाकडाची एक फळी घेतली. पिवळा, तपकिरी, काळा असा रंग चढवला, आणि मग वरच्या अंगाला स्वतःचा हात घासघासून, तेल, घाम, चहाचं पाणी लावून रंग झिजवला. कडेचा बारीक तडा सुईनं ओढला. शुक्रवारी सकाळी त्यांनी फळी राजलक्ष्मींपुढं धरली.

राजलक्ष्मी बघतच राहिल्या. "अय्यो! ही तर तीच!"

"तीच ना? मग आज गिटारीवर असंच उतरवतो. ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

राजलक्ष्मी भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "एक विचारू? कवळी घालणाऱ्याला ठाऊक असतं ना, की ही कवळी आहे म्हणून?"

"असतंच की. रोज काढून धुतो तो."

"मग ह्या बापलेकांना नको ठाऊक?"

योगीराजांनी फळी भिंतीला टेकवली. मग त्यांनी गिटारीला मान जोडली, तारा चढवल्या, सूर लावला. समोरच्या उघड्या लाकडाला मात्र हात लावला नाही.

शनिवारी क्षितिजनं वडिलांना, नंदकिशोररावांना, दातांची लॅब दाखवायची म्हणून आणलं. सरप्राइज म्हणजे सरप्राइज. नंदकिशोरराव दारातूनच म्हणाले, "अरे, पण माझे दात ठणठणीत आहेत! काल ऊस खाल्लाय मी." मग उजवीकडची भिंत दिसली आणि ते तिकडेच वळले.

टेबलावर कापडाखाली एक लांबट आकार होता. क्षितिजनं कापडाचं टोक धरलं.

"स्वल्प थांब, अण्णा," योगीराज म्हणाले. आवाज नको इतका मोठा आला. "आधी ऐकून घे. तू थांब म्हणालास, मी कर असं वाचलं. तुझ्या बाबांच्या हाताची जागा माझ्या हातानं गेली."

क्षितिजनं कापड ओढलं. त्याचं बोट आपोआप वरच्या कडेवर गेलं आणि तिथं काहीच सापडेना म्हणून तिथंच फिरत राहिलं.

"काका, बास म्हणजे पुरे! इनफ!"

"दोन एस होते रे."

"मी सगळंच डबल लिहितो!" तो ओरडला, आणि ओरडून झाल्यावर त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

योगीराजांनी भिंतीपाशी ठेवलेली फळी पुढं केली. "ही बघ. पाहिजे तर हुबेहूब अशी जागा करून देतो. पण ती मी केलेली असेल, हे सांगून देतो."

क्षितिजनं फळीला हात लावला. क्षणभर तो फसलाच, डोळे चमकले. मग त्यानं हात मागं घेतला. "नको काका. ही इथंच राहू दे."

या सगळ्या गडबडीत नंदकिशोररावांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्यांनी गिटार उचलून मांडीवर घेतली होती. "वायर कुठाय?" ते म्हणाले. राजलक्ष्मींनीच ती खोचून दिली.

त्यांचा उजवा हात वरून आला आणि न बघता बरोबर त्याच जागी टेकला. पहिला सूर वाजला. खिडकीची काच थरथरली, आणि फळीवरच्या सगळ्या कवळ्या एकदम कडकडा वाजू लागल्या, थंडीत शाळेला निघालेल्या पोरांसारख्या. नंदकिशोरराव दचकले, कवळ्यांकडे बघून खदाखदा हसले, आणि मुद्दाम तोच सूर पुन्हा काढला.

"बेस!" ते म्हणाले. कराडकडचं, अगदी घरचं.

मग मुलाकडे वळले. "तोंड का पाडलंस? ती जागा ज्यानं झिजवली तो अजून इथं बसलाय की. परत झिजवतो."

"किती वर्षं लागतील, बाबा?"

"तुला कुठं जायचंय?" आणि योगीराजांना म्हणाले, "लाडसाहेब, पाठ आहे तशी राहू दे. पुढं नुसतं तेल चोळा. जाड रंग नको, झिजायला उगाच वेळ लागेल."

क्षितिज हसला नाही, पण वडिलांशेजारी जाऊन बसला आणि त्यांच्या हाताजवळ त्यानं बोट ठेवलं.

ती फळी आता गिटारींच्या रांगेत टांगलेली असते. येणारा प्रत्येक शौकीन आधी तिच्याकडेच जातो आणि विचारतो, ही कुठल्या सालची? योगीराज सांगतात, "ही? ही कवळी आहे."

परवा क्षितिजचा मेसेज आला. बाबा रोज संध्याकाळी वाजवतात. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन सांगून गेले, आता... आणि पुन्हा तेच, बी, ए, एस, एस. मग करा.

योगीराजांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, राजलक्ष्मींनाही दाखवलं. मग एका बोटानं, सावकाश, उत्तर लिहिलं.

"एस एक की दोन, ते आधी नीट विचारून घे."