अकरा भोकांचा तुंबा

बाइधर मउसांना कुणी विचारलं, की मउसा, रथाचं तुम्ही काय काय केलंत, तर ते एकच शब्द उच्चारतात. "आरे." एकतीस वर्षं आरे. देवाच्या रथाला, नंदिघोषाला, चाकं सोळा, एकेका चाकाला आरे सोळा. विचारणारा गुणाकार करत बसतो. मउसा दुसरीकडे बघत बसतात आणि मग हळूच म्हणतात, "आणि एका तुंब्याची अकरा भोकं."

ती अकरावर का थांबली ते मला पक्कं माहीत आहे. माझ्याच हातून थांबली.

आमच्या माटिमंडप साहीत, एकाच गल्लीत, मउसांचं घर आमच्या घराला लागून. भिंत एक, विहीर एक, भांडणं दोन्हीकडची सगळ्यांची. मउसांचे वडील हाडिबंधू महारणा तुंबे कोरायचे. चाकाच्या मधला तो जाड लाकडी गड्डा, ज्याच्या पोटातून आस जाते आणि अंगात आरे बसतात, तो कोरण्याचं काम साऱ्यांना मिळत नाही. कागदावर काही नसतं. मुख्य महारणांच्या, म्हणजे मुख्य सुतारांच्या, हातातली मापाची काठी आणि ज्याचा त्याचा हात. हाडिबंधू म्हणायचे, भउंरीच्या दिवशी आस घालून चाक पहिल्यांदा फिरवतात ना, तेव्हा तुंबा एकदाच बोलतो. ज्यानं कोरला त्यालाच ते ऐकू येतं. हे त्यांनी सहा वर्षांच्या बाइधरला सांगितलं आणि पोरगं आयुष्यभरासाठी कामातून गेलं.

रथ दर वर्षी नवा. यात्रा झाली की मोडायचा आणि त्याचं लाकूड देवाच्या स्वयंपाकघरात सरपण म्हणून जायचं. म्हणजे तुंब्याचं बोलणं ऐकायचं तर त्याच वर्षी, त्याच दिवशी.

त्या वर्षी मुख्य महारणा कृतिबासांचा हात थरथरायला लागला होता. अक्षयतृतीयेला रथ बांधायच्या आवारात, रथखळ्यात, पूजा झाली आणि त्यांनी फासीच्या लाकडाचा एक ठोकळा पायानं मउसांकडे ढकलला.

"घे. किती वर्षं नुसता बघत बसणार आहेस?"

मउसांनी ठोकळ्याला हात लावायच्या आधी हात दोनदा पुसले, असं तिथले लोक अजून सांगतात.

काम सुरू झालं की मउसा घरी झोपायला येत नसत. दिवसाकाठी एकदाच हविष्यान्नाचं सात्त्विक जेवण, तिथेच मुक्काम. बायकांनी खळ्यात पाय टाकायचा नाही. म्हणून दर तिसऱ्या दिवशी धुतलेला गमछा घेऊन मी देवळासमोरच्या मोठ्या रस्त्यावर, बडदांडावर जायची आणि बांबूच्या कुंपणावरून द्यायची.

घरी त्यांची सून टुकुनी पोटुशी होती. मुलगा सनातन सुरतेला. हिशेबानं बाळ यायचं होतं ज्येष्ठातल्या स्नानपौर्णिमेनंतर. भउंरी त्याच्या बरीच आधी. सगळं नीट बसत होतं. नियम सरळ आहे: घरात सोयर आलं की महारणानं तासायचा वाकस खाली ठेवायचा आणि एकवीस दिवस खळ्याबाहेर राहायचं. स्नानपौर्णिमेनंतर चाकांचं काम उरतच नाही. येऊ दे बाळाला खुशाल.

बाळ काम सुरू झाल्यापासून तेराव्या दिवशीच आलं. भउंरीला आठ दिवस होते.

मउसांची बायको कुंतळा माउसी दवाखान्यातून आली ती थेट ओसरीत उभी राहिली. हुळहुळी घालायला, म्हणजे जीभ हलवून मंगल आवाज काढायला, बायका जमल्याच होत्या. माउसीनं सगळ्यांच्या तोंडासमोर तळहात धरला.

"एकीनं जरी आवाज काढला ना, तर तिचं माझं बोलणं बंद."

"अगं पण नात झालीय," माझी बोऊ, म्हणजे आई, म्हणाली.

"झाली. आठ दिवसांनी होईल. कानावर पडेपर्यंत सोयर लागत नाही, माझ्या सासऱ्यांनी सांगितलंय. सनातनच्या बापाच्या कानावर कोण घालतंय तेच मी बघते."

कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "भाउजा, मला आठ दिवस गप्प बसायला सांगतेस? त्यापेक्षा दुकान बंद करतो."

"कर," माउसी म्हणाली.

सगळी साही गप्प बसली. आमची साही, जिथे कुणाच्या घरी वरण करपलं तरी देवळाच्या सिंहद्वारापर्यंत कळतं. टुकुनी बाळाला घेऊन आतल्या खोलीत, आणि बाळ रडलं की शेजारची रेडिओ मोठा करायची.

अडलं ते गमछ्यापाशी. सोयरातल्या घरचा कपडा खळ्यात पाठवायचा कसा? न कळता का होईना, तो अंगावर घेऊन त्यांनी देवाच्या लाकडाला हात लावला असता. माउसीनं बराच विचार केला आणि मला बाजारात पिटाळलं. नवा गमछा, लाल चौकड्यांचा, जुन्यासारखाच. तो आमच्या अंगणात, आमच्या बादलीत चार वेळा पिळला, उन्हात मऊ केला. माझी तयारीही तिनंच करून घेतली.

"काय विचारलं तर?"

"घरी सगळे बरे आहेत."

"हसू नकोस. तू हसलीस की तुझं सगळं तोंडावर येतं."

मी गेले तेव्हा मउसा तुंब्यावर वाकले होते. अकरावं भोक नुकतंच पुरं झालं होतं. पटाशी बाजूला ठेवून ते कुंपणाशी आले. मी गमछा दिला. मी हसले नाही. इतकं छान तर मी शाळेच्या नाटकातही कधी केलं नव्हतं.

त्यांनी गमछा उलगडला आणि त्याच्या एका कडेवर अंगठा फिरवत राहिले.

"टाके कुठे गेले?"

"कसले?"

"माझ्या गमछ्याला या कडेला सात टाके आहेत. तुझ्या माउसीनं घातलेले. तीस वर्षांत त्या बाईनं माझा एक गमछा फाटल्याशिवाय नवा आणलेला नाही. फाटल्यावरही नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घरचा कपडा पाठवता येत नाही, असं काय झालंय घरात?"

मी तोंड उघडलं.

"सांगू नकोस," ते पटकन म्हणाले. "थांब. काही बोलू नकोस."

मी थांबले. ते परत जाऊन तुंब्यापाशी बसले. पटाशी उचलली. बाराव्या भोकाची खूण केलेली होती, कोळशाची. त्यांनी तिच्यावर पटाशीचं टोक टेकवलं, हातोडी वर घेतली आणि तसेच बसून राहिले. आजूबाजूला शंभर वाकस चालले होते. मला वाटलं, मारतील. मी मनात म्हणत होते, मारा ना मउसा, कुणी सांगितलंय तुम्हाला, गमछाच तर आहे.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. उठले आणि कृतिबासांसमोर वाकस आणि पटाशी दोन्ही मांडली.

"नना, माझ्या घरी सोयर आहे."

म्हाताऱ्यानं कुंपणाकडे, माझ्याकडे पाहिलं. "या पोरीनं सांगितलं?"

"नाही."

"मग कुणी?"

"कुणीच नाही."

"मग नाही सोयर. जा, बस. पाच भोकं उरलीत, दोन दिवसांचं काम."

"मला कळलंय, नना."

"कळणं वेगळं, ऐकणं वेगळं."

"देवाला, त्या कालियाला, काय सांगू? की कान बंद होते?"

कृतिबासांनी पटाशी आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "तुझा बापही असाच होता. कुणाला सुखानं चांगलं करू द्यायचा नाही."

मउसा कुंपणाबाहेर आले, नवा गमछा खांद्यावर टाकला आणि मगच मला विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"टुकुनी बरी आहे?"

"बरी आहे. बाळ रडलं की शेजारची रेडिओ मोठा करते."

"मग चल. त्या रेडिओवालीला सांग, आता बंद कर."

माउसी त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. माझ्याशी तर आठवडाभर नाही. "सात टाके," एवढंच पुटपुटायची. "घालायला काय झालं होतं मला नव्यावर सात टाके."

भउंरीच्या दिवशी मउसा आणि मी गर्दीत मागे उभे होतो. उरलेली पाच भोकं दुसऱ्या कुणी पुरी केली होती. आस आत गेली, चाकाला जोर लावला, आणि त्याच क्षणी घंटा, झांजा, हजार बायकांची हुळहुळी. चाक फिरलं.

मउसांनी माझा दंड धरला. "ऐकू आलं?"

"काय?"

"तेच विचारतोय. ऐकू आलं का काही?"

मी नाही म्हटलं. त्यांनी दंड सोडला नाही.

एकवीस दिवसांनी ते परत कामाला गेले, वरच्या फळ्यांवर. रथयात्रेला नंदिघोष निघाला तेव्हा सोळा चाकं समोरून गेली आणि मउसांची मान प्रत्येक चाकाबरोबर फिरली. पुढच्या वर्षी कृतिबास राहिले नव्हते. तुंबे त्यांच्या पुतण्याकडे गेले, मउसा आऱ्यांकडे.

पण त्याआधी, त्याच वर्षीच्या कार्तिकात, नातीला पहिला भात भरवायचा होता. सनातन सुरतेहून आला होता. देवळातल्या आनंदबाजारातून, देवाच्या स्वयंपाकघरात शिजलेल्या महाप्रसादाचं मडकं आणलं, केळीच्या पानावर भात वाढला. मउसांनी नातीच्या ओठांना एक शीत लावलं. तिनं तोंड वाकडं केलं, सगळे हसले. मग त्यांनी स्वतः घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिले. बराच वेळ.

"काय शोधताय भातात?" माउसीनं विचारलं. "खडा आहे का?"

"नाही."

"मग?"

"धूर," मउसा म्हणाले. "फासीचा वाटतो." आणि पान पुढे सरकवून त्यांनी आणखी थोडा भात मागितला.