आर्णीला जेवायला

माझ्या ऑफिसातली माणसं सुटी लागली की समुद्र गाठतात आणि तिथून मासळीच्या ताटांचे फोटो पाठवत बसतात. मी दिवाळीनंतर पुण्याहून ट्रॅव्हल्सने यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीला जातो आणि चार-पाच दिवस फक्त जेवतो. आई-वडील गेले, घर विकलं, तिथे आता माझं म्हणावं असं काही उरलेलं नाही. "तिथे ठेवलंय काय तुझं?" असं बायको दरवर्षी विचारते. मित्र ठेवलेत, दुसरं काय? आमच्याकडे कुणी नुसतं बोलायला बोलावत नाही. जेवायला बोलावतात, आणि बोलणं त्यातच होऊन जातं.

मुक्काम ठरलेला, शाळेपासूनच्या मित्राकडे. त्याचं बियाणं-खतांचं दुकान आहे, मागे घर. खाण्याच्या बाबतीत हा माणूस म्हणजे कहर होता. वहिनींनी पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला की पाहुण्याच्या आधी याची वाटी पुढे. "मीठ पायतो फक्त," म्हणायचा, आणि मीठ पाहता पाहता दोन वाट्या संपवायचा. पाहुण्याने नको म्हटलं की त्याला खरोखर राग यायचा. एकदा मी भात नाकारला तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नव्हता. असल्या माणसाशी भांडण तरी काय करणार?

गेल्या वर्षी मात्र मला पहिल्याच सकाळी काहीतरी खटकलं. बसस्टँडजवळ तर्री-पोहे खायला गेलो, तर त्याने एकच प्लेट सांगितली.

"तुले?" मी विचारलं. आर्णीत उतरलो की माझी जीभ आपोआप तिकडची होते.

"पित्त झालं बे. तू खाय."

दुसऱ्या दिवशी कळंबला गेलो. तिथे आमचा एक मित्र शाळेत मास्तर आहे. त्याच्या घरी पुरणाचा बेत होता, आणि हा पठ्ठ्या पोळी ताकात कुस्करून चमच्याने खात बसला. पुरणपोळी ताकात! मला चीड आली. सुटीचे मोजके दिवस, आणि हा आजाऱ्यासारखा तोंड वाकडं करून बसलाय. परतीच्या वाटेवर मी त्याला चार शब्द सुनावले. तो स्कूटर चालवत राहिला.

वहिनींनी तिसऱ्या दिवशी सांगितलं. तो दुकानात होता. मी चहाची कपबशी ठेवायला स्वयंपाकघरात गेलो, तर त्या ओट्याला टेकून उभ्या.

"भाऊजी, यायचं तोंड उघडत नाई आता. एक बोट जाते फक्त. गालात गाठ लागते."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असंन. मले वाटलं, माह्या तिखटानं झालं. म्हणून मी तिखट बंद केलं. गुलकंद दिला, तूप दिलं, सबजा भिजवून दिला. उष्णता हाये म्हणे. आता यवतमाळचा डॉक्टर म्हणते, नागपूरले नेऊन तुकडा काढून तपासा. हे जात नाई म्हणतेत. तुमचं ऐकतेत ते. तुमी जायच्या आधी त्यायच्या तोंडून हो काढून घ्या, बस."

त्या बाईने वर्षभर स्वतःच्या हाताच्या चवीला दोष दिला होता. आणि खरं कारण दिवसभर तिच्या नवऱ्याच्या गालात दाबलेलं असायचं. आमच्याकडे त्याला खर्रा म्हणतात. सुपारी, तंबाखू आणि चुना पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत घोटघोटून करतात. दोन माणसं भेटली की नमस्काराआधी हात खिशात जातो, पुडी निघते, तळहात पुढे होतो. नाही म्हटलं तर संबंध बिघडल्यासारखं वाटतं. मला तो कधी सोसलाच नाही, चक्कर यायची, म्हणून मित्रांनी मला माणसांतून वगळून टाकलं होतं. खर्रा बाधतो हे तिकडे कुणाला माहीत नाही असं नाही. पण तो कुणाला दिसत नाही. वहिनींनाही दिसला नाही, मिरची दिसली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी रोडग्यांचा बेत होता, आमच्या तिसऱ्या मित्राच्या शेतात. रोडगे पुरुषांनीच करायचे. कणकेचे थराथराचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. मी मास्तरला आणि शेतवाल्याला आधीच बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. आज याच्याकडून हो घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलं.

निखारे पडल्यावर मास्तरने सुरुवात केली. आधी बाजूला पिंक टाकली, आणि मग म्हणाला, "हे खर्र्याचं सोड बे आता. अन् नागपूरले जाय."

"लेकरायकडं पाय," शेतवाला म्हणाला. त्याचाही गाल फुगलेला होता, शब्द नीट फुटत नव्हते.

मला हसू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. पण हो मिळवायचं होतं, म्हणून गप्प बसलो. दुकानवाला काठीने निखारे सारखे करत होता. बराच वेळ केले त्याने. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तिथं गेलो का तोंड कापतेत बे. मंग मी खाऊ काय?"

"नाई गेला तर काय खाशीन?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "परवा पुरणपोळी ताकात बुडवली. उद्या पाणी चमच्यानं पिशीन. वहिनी तिखट बंद करून बसली वर्षभर, मालूम हाये ना तुले?"

त्याला हे माहीत नव्हतं. घरात भाजी मिळमिळीत का लागते, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याच्या पुढ्यातला रोडगा वरणात भिजून लगदा झाला होता, तरी त्याला तो बोटाने आत ढकलावा लागत होता.

"चाल," तो शेवटी म्हणाला. "जाऊ सोमवारी. तुह्या वहिनीले सांग."

आम्ही ओरडलोच. शेतवाल्याने त्याला मिठी मारली, मास्तरने पाठीवर थाप दिली. आणि आनंद झाला म्हणून शेतवाल्याचा हात खिशात गेला. पुडी निघाली, तळहातावर खर्रा पसरला. मास्तरने चिमूट घेतली. दुकानवाल्यानेही घेतली, आणि अंगठ्याने गालात सरकवली. एवढ्याशा फटीतून ती बरोबर आत गेली.

मी ओरडलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही, शिव्याही होत्या त्यात. तिघेही माझ्याकडे गोंधळून पाहायला लागले. शेतवाला तर खरंच दुखावला. इतकी चांगली गोष्ट ठरली, आणि हा पुण्याहून येऊन भांडतोय.

"अबे, सोमवारपासून बंदच करून राह्यलो ना," दुकानवाला मला समजावत म्हणाला.

सोमवारी तो नागपूरला गेला, हे सांगायला हवं. शब्दाचा पक्का होता. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला, आणि मग अर्धा जबडा काढला. काही महिन्यांनी तो मानेत उतरला. आता करण्यासारखं काही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, ते मास्तरने मला फोनवर कळवलं. मास्तर आणि शेतवाला अजून खर्रा खातात. त्याच्याकडे गेले तर मात्र बाहेर रस्त्यावर जाऊन खातात, त्याला वाईट वाटू नये म्हणून. एवढी समज आली म्हणायची.

या दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण त्याने मुलीकडून दोनदा निरोप धाडला होता. त्याच्या नाकात पातळ अन्नाची नळी होती, बोलणं बंद झालं होतं. अंगावर शर्ट लोंबत होता. मला पाटावर बसवून तो समोर खुर्चीत बसला. पाटोडीचा रस्सा होता, जुन्यासारखा झणझणीत. मी घास घेतला की तो भुवया उडवून विचारायचा, कसा झालाय? मी मान डोलवायचो. वाटी अर्धी झाली की तो बोटाने दाखवायचा आणि मुलगी वाढायची. मला एकेक घास गिळवत नव्हता, तरी खात होतो. ठसका लागल्याचं निमित्त करून मी ताक घ्यायला स्वयंपाकघरात गेलो.

वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. वळल्या नाहीत.

"भाऊजी, राग मानू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुढल्या सुटीत आता येऊ नका. तुमी आले का मले फोडणी द्या लागते. बाकी दिवस मी घरात वासच येऊ देत नाई. आमी मायलेकी शेजारी जाऊन जेवतो. काल तुमी येणार म्हणून मसाला भाजला, तर हे रात्रभर भिंतीकडं तोंड करून रडले."

मी बरं म्हणालो. तेवढ्यात बाहेरून त्याने माझ्या ताटावर चमचा वाजवल्याचा आवाज आला. मी अजून भात घेतला नव्हता.