फडक्याचा फोटो

कंपनीत तो कॅमेरा आला तेव्हा सोबतचं इंग्रजी पुस्तक वाचायला कोणालाच सवड नव्हती, म्हणून ते माझ्या टेबलावर येऊन पडलं. धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी खात्याचा कारकून होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कारकुनाच्या टेबलावर काय वाटेल ते येऊन पडतं. फुटलेले गॉगल, गमबुटांचे नंबर, मुंबईच्या ऑफिसची लांबलचक पत्रं. पुस्तक मी रोह्याच्या खोलीवर नेलं आणि दोन रविवार गावी न जाता पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. शाळेच्या एखाद्या पुस्तकावर एवढी मेहनत घेतली असती तर कारकून झालो नसतो.

कॅमेरा कसला, चांगला जाडजूड डबाच होता. त्यात रोल नव्हता. बाजूचं झाकण उघडून फ्लॉपी सरकवायची, कॉम्प्युटरला घालतात तीच. बटण दाबलं की आत खर्रखर्र चालायचं आणि लाल दिवा लागायचा. तो विझेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, नाहीतर फोटोही गेला आणि फ्लॉपीही. बटण एकदम दाबायचं नाही. आधी अर्धं दाबून थांबायचं, बारीक आवाज आला की समजायचं चित्र नीट बसलं, मग पूर्ण दाबायचं. फोटोत बारीकसारीकही दिसायला हवं असेल तर तशी सोय होती, पण मग एका फ्लॉपीवर जेमतेम सात-आठ मावायचे. फ्लॉपी भरली की पडद्यावर सूचना यायची. नवी फ्लॉपी घाला किंवा आधीचा एखादा फोटो पुसा. पुसायला दोनदा बटण दाबावं लागायचं. खरंच पुसायचाय का, असं मशीन स्वतः विचारायचं. साहेब लोकांपेक्षा ते बरं होतं, एकदा तरी विचारायचं.

आणि झूम. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली छोटा खटका होता. एका बाजूला ढकलला की अख्खा प्लँट पडद्यात मावायचा, दुसऱ्या बाजूला ढकलला की लांबचं जवळ यायचं. त्या वेळी पडद्यावर एक पट्टी दिसायची, पट्टीत मधे एक रेघ. रेघेपर्यंत आतली काच खरोखर पुढे सरकायची. रेघेपलीकडे काच जागची हलायची नाही, मशीन आहे तेच चित्र ताणून मोठं करायचं. पुस्तकात त्याला डिजिटल झूम म्हटलं होतं, आणि त्याने चित्र भरड होतं हेही सरळ लिहून टाकलं होतं. आमच्या सेफ्टी ऑफिसर साहेबांना हे कधी पटलं नाही. त्यांना पट्टी शेवटपर्यंत भरलेली लागायची.

दोन महिन्यांत मला शिंगं फुटली. कंपनीत कुठेही कुणी घसरलं, कुठे पाइप गळला, की माझं बोलावणं यायचं. मी गळ्यात डबा अडकवून आलो की पांढऱ्या हेल्मेटवाले साहेब बाजूला व्हायचे. ज्यांनी मला कधी बसा म्हटलं नव्हतं ते आता माझ्या खांद्यावरून पडद्यात वाकून बघायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

ही नोकरी मला काकामुळे लागली होती. सख्खा काका नव्हे, वडिलांचा चुलतभाऊ. आमचं गाव पेणहून वडखळकडे जाताना खाडीच्या अंगाला. काका तिथून येऊन या कंपनीत ऑपरेटर झालेला, आणि गावातल्या तिघा-चौघांबरोबर रोह्याला खोली घेऊन राहायचा. त्याच खोलीत मीही राहायचो. मला चिकटवण्यासाठी तो साहेबांकडे तीनदा गेला होता. तिसऱ्यांदा स्वतःची शिफ्ट संपल्यावर दोन तास दाराबाहेर उभा राहिला. नंतर त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, मला शिपायाकडून कळलं.

कॅमेरा आल्यावर काकाने तो एकदा हातात घेऊन बघितला होता.

"ह्यात लांबचा मानूस जवल येतो?"

"येतो."

"मग काकूवर नको धरू. ती लांब हाय तीच बरी हाय."

आणि स्वतःच खो खो हसला. गावी राहणाऱ्या काकूवाचून त्याचा शनिवार उजाडत नसे, हे सगळ्या खोलीला माहीत होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ॲसिडच्या टाकीखालचा पंप दुरुस्तीसाठी खोलायचा होता. वरचा व्हॉल्व्ह बंद होता. काका पंपापाशी उभा होता. जोड सुटला आणि बंद व्हॉल्व्हमधून ॲसिड आलं. त्याचा डावा पाय घोट्यापासून पंजापर्यंत भाजला. मी पोचलो तोवर त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं. साहेब चुन्याची पोती टाकून घेत होते. मला बघून म्हणाले, "व्हॉल्व्हचा फोटो घे. नंबर वाचता आला पाहिजे. संध्याकाळच्या आत मुंबईला पाठवायचाय."

खाली ॲसिड पसरलेलं, त्यामुळे कठड्याच्या आत जाता येत नव्हतं. मी बाहेरूनच खटका धरला. पहिला फोटो झूम न करता, मोकळा घेतला. त्यात टाकी होती, पाइप होता, व्हॉल्व्ह होता आणि व्हॉल्व्हच्या दांडीला बांधलेला एक लाल फडका होता. कुणाच्या तरी जुन्या लुंगीचा, मळलेला.

तो फडका कसला, हे तिथे उभ्या असलेल्या माणसांत फक्त मला कळत होतं. आमच्या खारेपाटात खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो, आणि बांधात पाणी सोडायला लाकडी फळीचं दार. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. फळी झिजली की दार लावलेलं असूनही पाणी आत झिरपत राहतं. हे ज्याच्या आधी लक्षात येईल त्याने उघाडीच्या खांबाला फडकं बांधायचं. मागून येणाऱ्याला सांगणं एवढंच, की दार बंद दिसतंय, पण त्याच्यावर विसंबू नको. फडकं कुणी बांधलं हे कोणी विचारत नाही. फळी बदलल्याशिवाय ते कोणी सोडतही नाही. काकाने ही गावची रीत धाटावच्या प्लँटमध्ये आणली होती. व्हॉल्व्ह बंद करूनही पाझरतो, हे त्याला आधीच कळलं होतं आणि त्याने ते आपल्या परीने सांगून ठेवलं होतं.

हे मला फडका दिसताक्षणी कळलं. पण त्या क्षणी मनात आलं ते वेगळंच. मला लाज वाटली. परदेशी पंप, परदेशी व्हॉल्व्ह, मुंबईचे साहेब हे फोटो कॉम्प्युटरवर बघणार, आणि मधे आमच्या गावची लुंगी लोंबतेय.

मग मी खटका दाबून जवळ गेलो. रेघेपर्यंत गेलो, साहेब मागून "अजून, अजून" म्हणत होते म्हणून रेघेच्याही पुढे गेलो. पडद्यात आता व्हॉल्व्हच्या अंगावरची नंबरपट्टी होती आणि दांडीचा थोडा भाग. फडका खाली राहिला, चौकटीच्या बाहेर. अर्धं बटण दाबलं, आवाज आला, पूर्ण दाबलं. हात हलला. परत घेतला. परत हलला. मग फ्लॉपी भरली. तिच्यावर सकाळचे कुठलेतरी पाच फोटो आधीच होते. नवी फ्लॉपी ऑफिसच्या कपाटात होती, जाऊन यायला दहा मिनिटं. साहेब घड्याळ बघत होते. मी मागे जात जात पहिल्या फोटोवर आलो, तो मोकळा, फडक्याचा. थोडा वाकडाही आला होता. हललेले दोन फोटो पुसता आले असते. मी पुसला तो पहिला. मशीनने विचारलं, खरंच पुसायचाय का. मी दुसऱ्यांदा बटण दाबलं.

शेवटचा फोटो अगदी स्वच्छ आला. साहेबांनी पाठीवर थाप मारली.

संध्याकाळपर्यंत तिथे पाणी मारून, चुना खरवडून सगळं चकाचक केलं होतं. फडका त्या चुन्याबरोबर भंगारात गेला असणार. मी शोधायला गेलो नाही.

महिन्याभराने चौकशी लागली. काकाने व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला नाही आणि पाझरतो हे कळवलंही नाही, असा आरोप होता. दोषी ठरला असता तर नोकरी जाणार होती, आणि रिटायर व्हायला त्याची सहा वर्षं राहिली होती. मुंबईहून एक अधिकारी आले. फोटो दाखवायला कॉम्प्युटरवर मला बसवलं. काका आला तो एका पायात चप्पल आणि दुसऱ्याला बँडेज असा. त्याला बसायला खुर्ची दिली, पण तो टेकला नाही.

"साहेब, व्हॉल्व्ह पास होत होता, बंद करून पन पाझरत होता," तो म्हणाला. "मी सुपरवायझरला दोन येला सांगितला."

सुपरवायझर म्हणाला, मला आठवत नाही.

"लॉगबुकात लिहिलंत का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मना इंग्लिश येत नाय. लॉगबुक सुपरवायझर लिवतात. पन मी फडका बांधला होता साहेब. लाल."

"कसला फडका?"

काका उघाडीपासून सांगायला लागला. फळी, पाणी, खांब. अधिकारी थोडा वेळ सभ्यपणे ऐकत राहिले, मग त्यांनी हात वर केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "फोटो दाखवा." मी दाखवला. नंबरपट्टी आणि दांडीचा थोडा भाग. ते म्हणाले, "यात फडका कुठे आहे? मोठा करा." मी मोठा केला. अजून मोठा करा म्हणाले, केला. शेवटी नंबरही राहिला नाही, पडद्यावर नुसते राखाडी चौकोन उरले. जे चौकटीत घेतलंच नाही ते मोठं करून कुठून येणार? हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा काका माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही त्याने. खोलीवर मीठ मागावं तसं विचारलं.

"तू गेला होतास ना रे फोटो काढाला? तुला फडका दिसला का नाय?"

माझे हात कीबोर्डवर होते. दिसला म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न येणार होता, मग फोटो कुठाय. पुसला का, कोणाच्या सांगण्यावरून पुसला. कोणाच्याच सांगण्यावरून नाही, हे सांगायची वेळ आली असती. माझी नोकरी गेली असती. निदान मला तसं वाटलं. मी घाबरलो, बाकी काही नाही.

मी मान वर न करता म्हणालो, "फोटोत नाय दिसत, काका."

अधिकाऱ्यांनी कागदावर एक ओळ लिहिली. काका म्हणाला, "बरा," आणि तेव्हा कुठे खुर्चीवर बसला.

त्याला कामावरून काढलं. मला पुढच्या वर्षी पगारवाढ मिळाली. दरम्यान मुंबईहून प्लास्टिकच्या लाल पट्ट्यांचा गठ्ठा आला. पाझरणाऱ्या व्हॉल्व्हला पट्टी बांधावी, म्हणजे पुढच्या शिफ्टला कळेल, असं पत्रही सोबत होतं. पट्टीवर इंग्रजी अक्षरं छापलेली. साहेबांनी मला पट्टी बांधलेल्या व्हॉल्व्हचे फोटो काढायला लावले. ते फोटो बक्षिसाच्या अर्जाला लागले आणि बक्षीस मिळालं. मी तेव्हा साहेबांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. मोठ्याने एकही दिली नाही.

गावी जाणं मी टाळत होतो. शेवटी वर्षभराने शिमग्याला गेलो, तेव्हा काकाच्या दारावरून जाणं भागच होतं. तो पडवीत बसून विळ्याला धार लावत होता. डाव्या पायाची बोटं एकमेकांना चिकटलेली दिसत होती. मला बघून सरकला आणि जागा करून दिली.

मी सगळं सांगून टाकलं. कॅमेऱ्यात फडका आला होता, फ्लॉपी भरली होती, मी तोच फोटो पुसला. लाज वाटली म्हणून पुसला, हेही सांगितलं. काकाने मधे एकदाच विचारलं.

"एकदा पुसला का मग परत येत नाय?"

"नाय."

त्याने विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवून बघितला.

"मशीनचा जाऊ दे," तो म्हणाला. "मशीनला मी कुठं इचारला होता? मी तुला इचारला होता."

मग आत तोंड करून त्याने काकूला हाक मारली, "पोरगा आलाय गो, चहा ठेव." काकूने चहा आणून माझ्यासमोर ठेवला. तो मी पूर्ण प्यालो.