जोडीचा माल

प्रियदर्शनी तायडे नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला, मैनाबाईला, कधी नीट सांगता आलं नाही. हिवरखेडात कोणी विचारलं तर ती म्हणायची, "फवाऱ्याच्या औषधाच्या कंपनीत आकडे पायते."

ते खरंच होतं. अमरावतीला संख्याशास्त्र शिकून प्रियदर्शनी अकोल्यातल्या एका कीटकनाशक कंपनीत लागली. कोणत्या गावच्या कृषी केंद्रात कोणतं औषध किती खपलं, हे ती रोज जुळवायची आणि पुढं कुठं जोर लावायचा, ते विक्रीच्या लोकांना सांगायची. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. विक्रीप्रमुख श्यामसर बैठकीत तिला आपल्या शेजारी बसवत.

त्या वर्षी कंपनीनं कपाशीसाठी दोन औषधांची जोडी काढली. एक घेतलं की दुसरं निम्म्या भावात. जोडी आधी तेल्हारा-अकोट पट्ट्यात उतरवावी, हा सल्ला प्रियदर्शनीचाच. तिकडं अळी जास्त होती.

सप्टेंबरात विक्री चढली आणि चढतच राहिली. विक्रीच्या लोकांनी पेढे वाटले. प्रियदर्शनी पेढा हातात धरून संगणकाच्या पडद्यावरची विक्रीची रेघ बघत राहिली. जी दुकानं पंधरवड्यानं माल मागवत, ती आता आठवड्याच्या आत मागवत होती. वावरं तेवढीच, कपाशी तेवढीच. म्हणजे फवारण्या वाढल्या होत्या. जोडीबरोबर फुकट द्यायचे हातमोजे आणि तोंडाच्या पट्ट्या मात्र गोदामात तशाच पडून होत्या. जागा अडते म्हणून दुकानदारांनी त्या उचललेल्याच नव्हत्या.

ती श्यामसरांकडं गेली. "सर, लोक दोन्ही औषधं एकत्र कालवून मारत असतील. तेही पुन्हा पुन्हा. दुकानदारांना सावध करायला पाहिजे."

"मॅडम, तुम्ही आकडे पाहा. कपाशी कास्तकार पाहून घेतील," श्यामसर म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "दिवाळीपर्यंत या विक्रीत कोणी खोडा घालायचा नाही. कळलं?"

तिनं जिन्यात येऊन आईला फोन लावला. हिवरखेड त्याच पट्ट्यात होतं आणि धाकटा भाऊ संघपाल तिथं रोजंदारीनं फवारणीला जायचा.

"खुशालरावाच्या वावरात गेला ना," मैनाबाई म्हणाली. "कालपासून धुरकट दिसून रायलं म्हणे त्याले. मी म्हटलं, उन्हानं असन."

प्रियदर्शनीनं पर्स उचलली आणि थेट स्टँड गाठला.

खुशालरावांचं वावर गावाबाहेर होतं. कपाशी माणसापेक्षा उंच वाढलेली, वारा पूर्ण पडलेला. पानापानांतून उग्र वास येत होता. नाल्यावर कायम असणारे बगळे कुठंच दिसत नव्हते. पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती, तीही मध्येच थांबली.

"संघपाल!"

तो ओळीतून बाहेर आला, पण भलतीकडंच बघत होता. "ताई? कुठी हायेस तू?"

ती त्याच्या समोरच उभी होती.

सदरा औषधाच्या पाण्यानं अंगाला चिकटला होता. पंपाचा पट्टा सोडायला गेला, तर बोटं थरथरली, पट्टा सुटेना. तिनं तो सोडवला, हाताला पिशवी गुंडाळून सदरा काढला आणि विहिरीवर साबणानं त्याला न्हाऊ घातलं. खुशालरावांनी स्वतः जीप काढली. अकोटच्या डॉक्टरांनी त्याच्या बुबुळांवर उजेड टाकला, पहिली इंजेक्शनं दिली आणि लगेच अकोल्याला पाठवलं.

अकोल्याच्या वॉर्डात तशीच आणखी माणसं होती. घामेजलेली, तोंडाला फेस आलेली. प्रियदर्शनी एकेकाच्या बायकोला, आईला गाव विचारत गेली. प्रत्येक गाव तिनं स्वतः निवडलेलं होतं. थोड्या वेळानं तिनं विचारणं बंद केलं.

डॉक्टरांना तिनं दोन्ही औषधांची नावं सांगितली. कुठल्या गावात किती माल गेला, ते कागद दुसऱ्या दिवशी कृषी अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले. संध्याकाळी श्यामसरांचा फोन आला. "आपल्याच घराले आग लावली तुम्ही," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर तिला कार्यालयात प्रवेश मिळाला नाही.

अकोला जिल्ह्यात जोडीची विक्री बंद झाली. संघपाल वाचला. पण घास तोंडाशी नेईपर्यंत त्याचा हात अजून हलतो, आणि फवाऱ्याचा आवाज आला की तो घरात जाऊन बसतो.

प्रियदर्शनी आता अमरावतीला एका संत्रा व्यापाऱ्याकडं विक्रीचं काम बघते. परवा तिनं वरूडच्या शेषरावांना फोन केला. त्यांची संत्र्याची बाग आहे आणि कृषी केंद्राचं दुकानही.

"काका, यंदा माल कसा आहे?"

"झाडायवर कोयशीची कीड लय पडली होती, पोरी. पण आता काई भेव नाई. अकोल्याकडून लय स्वस्तात औषध आलं. दोन बाटल्यांची जोडी हाय."

प्रियदर्शनीनं लगेच विचारलं, "विकली का?"

"अर्ध्या गावानं नेली. आमच्याई बागीत मानसं सकायपासून फवारून रायले."

"काका, त्यायले आधी बाहेर काढा."

पलीकडं शेषरावांनी बागेकडं तोंड करून हाका मारल्या. एकदा, दोनदा, मग मोठ्यानं. ती फोन कानाला धरून ऐकत होती. कोणीच ओ देत नव्हतं.