बंद दाराआडची चाळीस मिनिटं

गेल्या महिन्यात मला एक ईमेल आला. परदेशातल्या संस्था आपल्याकडे येऊन जे अभ्यास करतात, त्यात माहिती देणाऱ्या माणसांच्या संरक्षणासाठी काही नियम असतात. त्या नियमांबद्दल आम्हा संशोधकांना काय वाटतं, असं विचारणारी प्रश्नावली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारत फिरले, आता माझी पाळी. म्हटलं चला, दहा मिनिटांचं तर काम. नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या खोलीत चहा घेऊन बसले आणि अकराव्या प्रश्नाशी अडले. 'मुलाखत एकांतात घेतल्यामुळे सहभागी व्यक्तीचं रक्षण होतं.' पूर्ण सहमत, सहमत, असहमत. चहा गार झाला, पण हात काही हलला नाही.

माझा अभ्यास होता एकत्र कुटुंबातल्या सुनांच्या मनावरच्या ताणाचा. मुख्य ऑफिस परदेशात, इथलं रामदासपेठेत दोन खोल्यांचं, आणि गावोगाव जाऊन मुलाखती घेणारी मी. नियमांची ही जाडजूड फाईल दिली होती. मुलाखत बंद दाराआड घ्यायची. सहभागी बाई बाहेर कुठे भेटली तर ती आधी बोलेपर्यंत ओळख दाखवायची नाही. तिने अभ्यास सोडला तर कारण विचारायचं नाही, पुन्हा घरी जायचं नाही. वाचताना मला हे सगळं फार सभ्य वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं. फक्त ते लिहिणाऱ्याने उमरेडच्या पुढचं एखादं घर दिवसाउजेडी पाहिलेलं नसावं.

तिकडे दिवसा कोणी दार लावत नाही. लावलंच तर आत बाळंतीण तरी असते, नाहीतर भांडण. मी लावलं. अशाच एका घरची सासू ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला मी कागदावरचं सगळं वाचून दाखवलं, तिने मान हलवली, आणि मी आत जाऊन कडी घातली. कडीचा आवाज पार अंगणापर्यंत गेला असणार.

सून पंचविशीची. मी पहिला प्रश्न वाचायला घेतला, तर म्हणाली, "मॅडम, थोडा वेळ काही नका विचारू न."

तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला, पाय लांब केले आणि धान्याच्या कोठीला पाठ टेकून डोळे मिटले. "या घरात आल्यापासून दिवसा हे दार बंद पाह्यलंच नाही मी," एवढंच बोलली. मी कागद मांडीवर घेऊन समोर बसून राहिले. अशी चाळीस मिनिटं गेली.

मी उठायला हवं होतं. उठले नाही. आई गेल्यापासून माझ्या खोलीत माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा श्वास ऐकू येत नाही. माझं दार चोवीस तास बंदच असतं, ते उघड म्हणणारं कोणी नाही. इथे एक परकी पोरगी माझ्यासमोर निवांत बसली होती आणि मला, काय सांगू, घरी आल्यासारखं वाटलं. बाहेर पडण्याआधी मी फॉर्मवर 'मुलाखत अपूर्ण' लिहिलं, म्हणजे पुन्हा यायला मोकळी.

बाहेर आले तेव्हा शेंगा तशाच पडल्या होत्या. सासू माझ्याकडे पाहतच नव्हती, तिची नजर सुनेवर होती. तेवढं कळायला फार अक्कल लागत नाही. तरी आठ दिवसांनी मी पुन्हा गेले आणि पुन्हा कडी घातली. पहिल्या वेळी नियम होता म्हणून घातली. दुसऱ्या वेळी मला हवी होती म्हणून.

तिसऱ्या खेपेआधी गावातल्या आरोग्यसेविकेचा फोन आला, ती सून आता नाही म्हणते.

"काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच म्हटलं, "राहू दे वं, नको सांगू." कारण विचारायचं नव्हतं ना.

परदेशातले साहेब स्क्रीनवर खूश झाले. बघा, तिला नाही म्हणता आलं, म्हणजे आपले नियम काम करतात. मी मान हलवली. लॅपटॉप उचलून आपटावा असा संताप आला होता. आपटला नाही, ऑफिसचा होता.

मग उन्हाळ्यात एकदा उमरेडहून एसटीने परत येत होते. सासू-सून दोघी त्याच गाडीत चढल्या. सुनेला पुढची सीट मिळाली, सासू माझ्या शेजारी बसली. मी खिडकीकडे तोंड केलं. पण नियम मला होता, सासूला थोडाच होता?

"तुमीच न त्या दार लावणाऱ्या मॅडम?" ती म्हणाली. "काय सांगतलं होतं तिनं तुमाले?"

मुलाखतीत काय झालं ते घरच्यांनाही सांगायचं नाही, हाही नियम होता. पण गप्प बसले असते तर काहीतरी सांगितलं होतं असाच त्याचा अर्थ झाला असता. नोकरी गेली खड्ड्यात. म्हटलं, "मावशी, काहीच नाही सांगितलं तिने. शप्पथ. नुसत्या बसलो होतो दोघी."

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "मग दार काहून लावलं?"

फाईलमधलं उत्तर मी तिला ओसरीवरच वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या वेळचं खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"माह्या पोरानं दारच काढून टाकलं मंग," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, घरातलं काहीबाही सांगावं तसं सांगत होती. "आता त्या खोलीले दार नाही. पडदा लावला हाये."

सुनेने ऐकलं असणार. तिने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. सासूसमोर मी एक शब्द जरी बोलले असते तरी त्याचं उत्तर घरी तिलाच द्यावं लागलं असतं. ती आधी बोलली असती तर निदान माफी मागता आली असती. नागपूर येईपर्यंत मी वाट पाहिली. स्टँडवर तिने सासूची पिशवी घेतली, हात धरून तिला उतरवलं आणि दोघी निघून गेल्या.

अकरावा प्रश्न अजून तसाच आहे. प्रश्नावलीच्या वर लिहिलंय, तुमचं नाव कुठेही येणार नाही, मोकळेपणाने लिहा, शक्यतो एकांतात बसून भरा. एकांताची इथे काही कमी नाही. दार लावलेलंच आहे.