तळहातावरचा तिबोटी खंड्या

पनवेलला उतरलो आणि पहिल्याच चहाच्या घोटाला गोंधळ सुरू झाला. तळ्याकाठच्या हॉटेलवाल्याला विचारलं, "तिबोटी खंड्या कुठे दिसेल हो?"

"खंड्या ना? तो काय, समोर तारेवर बसलाय!"

तो नेहमीचा निळा खंड्या. आपल्या बार्शीच्या विहिरींवरही असतो. मला पाहायचा होता चिमणीएवढा, नारिंगी-जांभळा, पायाला तीनच बोटं असलेला. पावसाळ्यात डोंगरातल्या ओल्या रानात तो अंडी घालायला येतो, एवढं पुस्तकात वाचलं होतं.

दोन दिवस कर्नाळ्याच्या रानात हिंडलो. बारीक, धारदार शीळ ओढ्याकडून येई. तिकडे जावं तर ती पाठीमागून येई. एका दगडापाशी तीनदा पोचलो. कॅमेऱ्याचं भिंग पुसून पुसून रुमाल भिजला, पण पक्षी काही दिसला नाही.

तिसऱ्या सकाळी पायथ्याच्या कातकरी वाडीत सोमीबाई नावाच्या बाईंनी ओट्यावर बसवून तांदळाची भाकरी आणि जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी) वाढला. दोन घास खाल्ले असतील, तोच समोरच्या शाळेच्या खिडकीवर टप्पकन काहीतरी आपटलं. धावत गेलो. काचेखाली तोच पडला होता! चोच उघडी, डोळे मिटलेले.

आनंद मानावा की रडावं, कळेना. घाईघाईने त्याला उचललं आणि चोचीत पाण्याचा थेंब सोडला. त्याची मान लुळी पडली.

"अरं भाऊ, पानी नको पाजू! नाकात जाईल त्याच्या!" सोमीबाईंनी तो माझ्या हातून घेतला, चोच खाली करून पदराने टिपली आणि त्याला जमिनीवर ठेवून वर टोपली पालथी घातली.

"मेला का हो, मावशी? माझ्यामुळे?"

"काय म्हाईत. आता हात नको लावू. गप बस."

मी बसलो. अर्धी भाकरी तशीच राहिली. विज्ञानाचा मास्तर मी, पण काय करायला हवं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळाने आत खुडखुड झाली. मावशींनी टोपली तिरकी केली. एक जांभळी रेघ करवंदीच्या जाळीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

"जगेल ना?"

"उडला तर हाय," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला वळल्या.

बार्शीला परतल्यावर वर्गात मुलांनी विचारलं, "सर, दिसला?" हो म्हणालो. मग तो खातो काय, घरटं कुठे करतो, असे प्रश्न आले. सगळी उत्तरं पुस्तकातलीच दिली. माझं स्वतःचं एकच होतं: हातावर त्याचं वजन जाणवत नाही, नुसती ऊब जाणवते.