पाण्यात बुडालेली

माझ्या आत्याला सगळे गाठआत्या म्हणत. धक्क्यामागच्या लांबट खोलीत ती जाळी विणायची. तिची गाठ कधी सुटली नाही, हे ती स्वतःच चारचौघांत सांगायची.

एका सकाळी माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, होडीमागून जाळं ओढतच धक्क्याला आले.

"ताई, सुरी घेऊन ये. मला हे सुटेना."

जाळ्यात दोन जनावरं अडकली होती. करवत मासा जिवंत होता. त्याच्या लांब करवतीचे दात दोऱ्यांत पार रुतले होते, पण डोळ्यांमागची श्वासाची भोकं उघडत-मिटत होती. शेजारी डॉल्फिन. अंगावर धड ओरखडाही नाही, आणि मेलेली.

"हिला काय झालं?" आत्याने विचारलं.

"बुडाली."

"पाण्यातलीच ना ती? थट्टा करतोस का?"

"ती मासा नाही, ताई. तिला आपल्यासारखी फुफ्फुसं. श्वासाला वर यावंच लागतं. करवतवाल्याला कल्ले आहेत, म्हणून तो तगला."

आत्या धक्क्याच्या पायरीवर बसली. "दोन्ही आता औषधालासुद्धा दिसत नाहीत," वडील पुटपुटले, "आणि एकाच जाळ्यात यावीत."

आम्ही डॉल्फिनला कुशीवर वळवलं, तर पोटाखालून पांढरं काहीतरी ओघळलं. आत्याने ते बोटाने टिपलं आणि बोटाकडे बघतच राहिली.

"दूध आहे हे. पिल्लू कुठाय?"

वडिलांनी मान फिरवली. "होडीमागे येत होतं. धक्क्याजवळ दिसेनासं झालं."

आत्या उठली, सुरी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरली. वडिलांनी ओल्या पोत्याने करवत दाबून धरली आणि तिने आपलीच एकेक गाठ कापली. शेवटचा दोरा तुटताच माशाने अशी मुसंडी मारली, की वडील पाण्यात आडवे झाले. कुणालाच हसू आलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस आत्याने सुतळीला हात लावला नाही. मग जाळ्यांच्या वरच्या पट्ट्याला ती मुद्दाम कच्चा, धडक बसली की तुटेल असा दोरा वापरू लागली.

"अगं, मोठा मासाही फाडून जाईल," वडील म्हणाले.

"जाऊ दे."

दोन-तीन होडीवाल्यांनी तिच्याकडे येणं सोडलं. वडील कुरकुरत का होईना, तीच जाळी नेत राहिले. कधीमधी जाळं फाटून यायचं. आत्या ते पुन्हा कच्च्याच दोऱ्याने शिवून द्यायची.